थिओडोर रूझवेल्टनी २३ कोटी एकर राखले, ते नेमके कसे?

अमेरिकेचे २६ वे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट (१९०१ ते १९०९) यांच्याबद्दल एक आकडा हमखास सांगितला जातो. त्यांनी सुमारे २३ कोटी एकर जमीन राखली. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ साधारण ७.६ कोटी एकर, म्हणजे हे तीन महाराष्ट्र झाले. (दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचे फ्रँकलिन रूझवेल्ट वेगळे. ते यांचे दूरचे भाऊबंद.) पण ‘राखली’ म्हणजे काय केलं? कुंपण घातलं? विकत घेतली? आणि संसदेतले इतके खासदार विरोधात असताना एका माणसाला हे जमलं कसं?

जमीन विकत घ्यायची वेळच आली नाही, कारण ती सरकारचीच होती. रूझवेल्टनी ती वाटपाच्या यादीतून बाहेर काढली. हे समजायला आधी ते वाटप समजून घ्यायला हवं.

अमेरिकेच्या पश्चिम भागातली बहुतेक जमीन केंद्र सरकारच्या ताब्यात होती. काही खरेदीने आलेली, काही युद्धाने, आणि बरीचशी मूळ रहिवासी जमातींशी केलेले करार मोडून. एकोणिसाव्या शतकात सरकारचं धोरण एकच होतं, जमीन लोकांना देऊन टाकायची. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षं राहून कसणाऱ्याला १६० एकर जवळपास फुकट मिळत. १८७८ च्या टिंबर अँड स्टोन कायद्याने शेतीला नालायक असलेली १६० एकर जंगलजमीन एकरी अडीच डॉलरला मिळे. अट एवढीच, की घेणाऱ्याने ती स्वतःसाठीच घेतोय अशी शपथ घ्यायची.

पुढे काय झालं असेल ते आपल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. बेनामी. लाकूड कंपन्यांचे दलाल रोजंदारीवरची माणसं आणि खलाशी गोळा करून जमीन कचेरीत आणत, शपथ घ्यायला लावत, पैसे कंपनी भरे आणि कागद कंपनीच्या नावावर फिरत. माणसाला थोडी बिदागी मिळे, कंपनीला शेकडो वर्षांची झाडं.

या वाटपाला पहिला अडसर घातला १८९१ च्या एका कायद्यातल्या कलम २४ ने. अधिवेशन संपता संपता घुसडलेलं हे कलम. अध्यक्षांनी जाहीरनामा काढून सरकारी जंगलजमीन राखीव ठेवावी, एवढंच त्यात होतं. किती ठेवावी याला मर्यादा नव्हती. रूझवेल्टच्या आधीच्या अध्यक्षांनी ते वापरलं, पण हात राखून. १९०१ साली राखीव जंगलं सुमारे ४.३ कोटी एकर होती. १९०९ मध्ये ती १९ कोटींवर गेली. कलम तेच होतं, फक्त सही करणारा बदलला.

तो माणूस असा का होता, याचं थोडक्यात उत्तर द्यायचं तर दोन गोष्टी पुरतात. २७ ऑक्टोबर १८५८ ला न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरात जन्मलेला हा मुलगा दमेकरी होता, चष्मा लावणारा होता, आणि पक्षी मारून त्यांच्यात भुसा भरून जपून ठेवायचा. निसर्गाची ओळख शिकाऱ्याची आणि संग्राहकाची, दोन्ही. शिकार त्यांनी कधीच सोडली नाही. दुसरी गोष्ट डाकोटातली. १४ फेब्रुवारी १८८४ ला एकाच घरात, एकाच दिवशी त्यांची आई विषमज्वराने आणि पत्नी मूत्रपिंडाच्या आजाराने गेली. मुलगी दोन दिवसांची होती. त्यानंतर ते लिटल मिसुरी नदीकाठच्या उजाड टेकड्यांत गुरं पाळायला गेले. तिथे रानगवे जवळजवळ संपले होते आणि कुरणांवर पेलवणार नाहीत इतकी गुरं सोडलेली होती. १८८६-८७ च्या हिवाळ्यात बर्फाखाली गवतच मिळेना. रूझवेल्टची निम्म्याहून जास्त गुरं मेली. फुकटचं कुरण कुणाचंच नसतं म्हणून सगळे ते ओरबाडतात, हा धडा त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतला. त्याच वर्षी, १८८७ मध्ये, त्यांनी जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांच्याबरोबर शिकाऱ्यांचीच एक संघटना काढली, बून अँड क्रॉकेट क्लब. तिने वन्यजीव वाचवण्याच्या कायद्यांसाठी जोर लावला.

मधली वर्षं भराभर सांगता येतील. आमदारकी, सरकारी नोकरभरती सुधारणारा आयोग, न्यूयॉर्कचं पोलीस खातं, नौदल, क्यूबातली लढाई, न्यूयॉर्कचं गव्हर्नरपद, मग उपाध्यक्षपद. सप्टेंबर १९०१ मध्ये अध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर बफेलो शहरात गोळ्या झाडल्या गेल्या, १४ तारखेला ते वारले आणि ४२ वर्षांचे रूझवेल्ट अध्यक्ष झाले. इतक्या कमी वयात या खुर्चीवर आजवर दुसरं कुणी बसलेलं नाही.

जंगल एका खात्याकडे, वनाधिकारी दुसऱ्या खात्याकडे

रूझवेल्टचा उजवा हात होता सरकारी वनशास्त्रज्ञांचा प्रमुख गिफर्ड पिंशो. हा फ्रान्समधल्या नान्सी इथे वनशास्त्र शिकला, पण त्याचा खरा गुरू डिट्रिश ब्रांडिस. ब्रांडिस म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले महानिरीक्षक. निवृत्तीनंतर जर्मनीत राहणाऱ्या या माणसाने तरुण पिंशोला युरोपातली जंगलं दाखवली. जंगल राखायचं म्हणजे तोड बंद करायची असं नाही, तोडीचा हिशेब ठेवायचा, हा विचार अमेरिकेत पोचला त्यातला बराचसा या वाटेने. मोठ्या देशातली सरकारी जंगलं सांभाळण्याचा ब्रांडिसचा अनुभव आपल्याकडचा होता.

पण पिंशोपुढे एक हास्यास्पद अडचण होती. राखीव जंगलं सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या ‘इंटिरिअर’ खात्याच्या जमीन कचेरीकडे, जिथे वनशास्त्र जाणणारं जवळजवळ कुणी नव्हतं. वनशास्त्रज्ञ कृषी खात्यात, ज्यांच्याकडे एक एकरही जंगल नव्हतं. १ फेब्रुवारी १९०५ च्या कायद्याने जंगलं कृषी खात्याकडे आली आणि त्या जुलैपासून ‘फॉरेस्ट सर्व्हिस’ हे नाव सुरू झालं. पाठोपाठ रेंजरच्या खिशात मावेल अशी नियमपुस्तिका निघाली. राखीव जंगल वापरासाठी आहे, पण नियमाने, हा तिचा गाभा.

लाकूड विक्री अशी चाले. ज्याला लाकूड हवं त्याने अर्ज करायचा. अधिकारी जागेवर जाऊन किती लाकूड निघेल याचा अंदाज बांधणार आणि किमान भाव ठरवणार. मग तोडायच्या झाडांवर ‘यू.एस.’ अक्षरांच्या हातोड्याने ठसा मारायचा. एक ठसा खोडावर, एक बुंध्याशी, कारण झाड पडल्यावरही बुंध्याचा ठसा जागेवर राहतो आणि ठशाविना तोडलेलं झाड लगेच ओळखू येतं. बुंधा शक्य तितका खाली कापायचा, म्हणजे लाकूड वाया जात नाही. फांद्या आणि पाला उभ्या झाडांपासून दूर ढीग करून ठेवायचा. हे टाळलं तर पुढच्या उन्हाळ्यात तोच कचरा वणव्याला सरपण होतो. ओंडके मोजल्याशिवाय जागेवरून हलवायचे नाहीत.

चराईला मात्र सगळ्यात जास्त आरडाओरडा झाला. १९०६ पासून पास आणि फी सुरू झाली. उन्हाळी हंगामाला एका गुरामागे २० ते ३५ सेंट, मेंढीमागे ५ ते ८ सेंट. रक्कम किरकोळ होती. चीड आली ती इतकी वर्षं फुकट असलेल्या गोष्टीचा हिशेब मागितला गेला म्हणून. काही पशुपालकांनी फी भरायलाच नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९११ मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला. आपल्याकडे महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये तक्रार केलीच होती, की वनखात्याने डोंगर, दऱ्या, गायरानं सगळी आपल्यात ओढली आणि गरीब शेतकऱ्याच्या शेरडांना चरायला जागा उरली नाही. अमेरिकेत ओरडणाऱ्यांत मोठे मेंढीमालकही होते आणि दोन गाई बाळगणारा घरधनीही होता. त्या दुसऱ्याची तक्रार खोटी नव्हती. पिंशोने छोट्या आणि स्थानिक मालकांना पास देताना प्राधान्य ठेवलं, आणि १९०६ मध्ये जंगलातल्या शेतीयोग्य तुकड्यांवर वसाहतीची मुभा देणारा कायदाही झाला.

जंगल राखीव झालं की त्यावर कर लागत नाही, मग शाळा-रस्त्यांना पैसा कुठून येणार, हा स्थानिकांचा आणखी एक रास्त प्रश्न. म्हणून जंगलाच्या उत्पन्नातला १० टक्के वाटा १९०६ पासून त्या भागातल्या शाळा आणि रस्त्यांसाठी दिला जाऊ लागला. १९०८ मध्ये तो २५ टक्के झाला.

जुन्या कायद्यातली एक पळवाट मात्र फार महागात पडली. १८९७ च्या कायद्यात म्हटलं होतं, की राखीव जंगलात कुणाची खासगी जमीन अडकली तर त्याला तेवढीच सरकारी जमीन दुसरीकडे निवडता येईल. छोट्या वसाहतवाल्याच्या सोयीसाठी केलेली ही तरतूद. झालं असं, की रेल्वे आणि लाकूड कंपन्यांनी आपली तोडून उजाड केलेली किंवा नुसती खडकाळ जमीन देऊन बदल्यात उत्तम जंगल उचललं. काहींनी तर कुठे राखीव जंगल होणार याची आतून बातमी काढून आधीच तिथली जमीन स्वस्तात घेतली. ही तरतूद १९०५ मध्ये रद्द झाली. त्याच वर्षी ओरेगॉनचे सिनेटर जॉन मिचेल जमीन घोटाळ्याच्या खटल्यात दोषी ठरले. अपील चालू असतानाच ते वारले.

१९०७ : सहीची शर्यत

पश्चिमेकडच्या खासदारांचा संयम संपला. फेब्रुवारी १९०७ मध्ये ओरेगॉनचे सिनेटर चार्ल्स फुल्टन यांनी कृषी खात्याच्या खर्चाच्या विधेयकाला एक उपकलम जोडलं. ओरेगॉन, वॉशिंग्टन, आयडाहो, माँटाना, कोलोराडो आणि वायोमिंग या सहा राज्यांत यापुढे संसदेच्या कायद्याशिवाय नवं राखीव जंगल नाही. डाव पक्का होता. विधेयक फेटाळलं तर फॉरेस्ट सर्व्हिसचाच पगार अडतो, म्हणजे सही करावीच लागणार.

पण सही करायला ४ मार्चपर्यंत मुदत होती आणि तोवर जुना अधिकार शाबूत होता. पिंशोच्या कचेरीत रात्रंदिवस नकाशे पसरले गेले. कुठलं जंगल राखायचं याची पाहणी आधीच झालेली होती, आता फक्त हद्दी आखून जाहीरनामे लिहायचे होते. एकेक कागद तयार होऊन व्हाइट हाउसला जाई आणि सही होऊन परत येई. मार्चच्या पहिल्या दोन दिवसांपर्यंत सुमारे १.६ कोटी एकर राखीव झाले. त्यासाठी ३२ जंगलं नव्याने केली गेली किंवा वाढवली गेली. मग रूझवेल्टनी त्या विधेयकावरही सही केली. विरोधकांनी रागाने कोलांट्या मारल्या, असं त्यांनी पुढे आत्मचरित्रात मजेत लिहिलं आहे. घाईत आखलेल्या काही हद्दी नंतर सुधाराव्या लागल्या, हेही खरं. याच कायद्याने ‘राखीव जंगल’ हे नाव जाऊन ‘राष्ट्रीय जंगल’ हे नाव आलं.

या वागण्यामागे रूझवेल्टचा एक सिद्धान्त होता. अध्यक्ष हा जनतेचा विश्वस्त. देशाला गरज असेल ते त्याने करावं, राज्यघटनेने किंवा कायद्याने मनाई केली असेल तेवढं सोडून. त्यांच्यानंतर आलेले टाफ्ट नेमके उलट म्हणत, कायद्याने दिलं असेल तेवढंच अध्यक्षाचं. दोन्ही बाजूंचे वकील अमेरिकेत अजून भांडताहेत.

मनाई नाही म्हणून करायचं, याचा सर्वांत साधा नमुना फ्लोरिडातलं पेलिकन बेट. इंडियन रिव्हर नावाच्या खाडीतलं जेमतेम पाच एकरांचं बेट. त्या काळी बायकांच्या टोप्यांवर पिसं लावायची फॅशन होती आणि बगळ्याच्या तुऱ्याला वजनावारी सोन्याहून जास्त भाव मिळे. बगळ्याला हा तुरा विणीच्या दिवसांतच येतो. त्यामुळे एक पक्षी मारला की घरट्यातली पिल्लंही उपाशी मरतात. एका गोळीत दोन पिढ्या. पेलिकनची पिसं तितकी मोलाची नव्हती, तरी येणाऱ्या-जाणाऱ्या होड्यांवरून लोक गंमत म्हणूनही गोळ्या झाडत. १४ मार्च १९०३ ला रूझवेल्टनी एका छोट्याशा आदेशाने ते बेट पक्ष्यांची विणीची जागा म्हणून राखून ठेवलं. असा आदेश काढायला सांगणारा कायदा नव्हता, रोखणाराही नव्हता. अडचण पुढे आली. संसदेने पैसे मंजूर केले नसल्यामुळे रखवालदार पॉल क्रोगेल याला महिना एक डॉलर मिळे, तोही पक्षिप्रेमी संस्थांच्या वर्गणीतून. अशा जागांवर पक्षी आणि अंड्यांना हात लावणं हा गुन्हा ठरवणारा कायदा झाला तो तीन वर्षांनी, १९०६ मध्ये. कारकीर्द संपेपर्यंत अशी ५१ पक्षी-राखीव क्षेत्रं झाली.

दुसरं हत्यार होतं ८ जून १९०६ चा पुरातन वस्तू कायदा. आयोवाचे खासदार जॉन लेसी यांनी तो पुढे नेला. हेतू सरळ होता. नैऋत्येकडच्या प्राचीन वस्त्यांमधून मडकी आणि सापळे खणून विकणाऱ्यांना आवरायचं. अध्यक्षाने सरकारी जमिनीवरच्या ऐतिहासिक किंवा ‘वैज्ञानिक महत्त्वाच्या’ वस्तू राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित कराव्यात, आणि जपणुकीला लागेल तेवढीच कमीत कमी जागा घ्यावी. रूझवेल्टनी ‘वैज्ञानिक महत्त्व’ हे शब्द पकडले. पहिलं स्मारक २४ सप्टेंबर १९०६ ला, वायोमिंगमधला डेव्हिल्स टॉवर हा खडकाचा सुळका, सुमारे ११५० एकर. तोवर सगळं ठीक. ११ जानेवारी १९०८ ला त्यांनी ग्रँड कॅन्यनच स्मारक करून टाकली, ८ लाख एकरांहून जास्त! ‘कमीत कमी जागा’ म्हणजे इतकी कशी? तर वस्तूच एवढी मोठी आहे, हा युक्तिवाद. दरीत उतरणाऱ्या वाटेवर खाणीचे हक्क सांगून पैसे गोळा करणाऱ्या राल्फ कॅमेरॉन यांनी आव्हान दिलं. १९२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षांचा अर्थ मान्य केला. तोवर संसदेने स्वतःच तिथे राष्ट्रीय उद्यान केलं होतं, १९१९ मध्ये.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. राष्ट्रीय उद्यान करणं हे संसदेचंच काम. रूझवेल्टच्या काळात क्रेटर लेक, विंड केव्ह, मेसा वर्डी यांच्यासह पाच उद्यानं झाली, १८ स्मारकं त्यांनी स्वतः केली. यलोस्टोन त्यांनी केलं नाही, ते १८७२ चं. उद्यानं सांभाळणारं खातंही त्यांच्यानंतरचं, १९१६ मधलं.

पाण्याचा कायदा या सगळ्याहून वेगळा, कारण तो संसदेने राजीखुशीने केला. जून १९०२ च्या न्यूलँड्स कायद्यानुसार पश्चिमेकडच्या सरकारी जमिनी विकून येणारा पैसा एका निधीत जाणार, त्यातून धरणं-कालवे होणार, आणि पाणी घेणारे शेतकरी दहा वर्षांत बिनव्याजी परतफेड करणार. तोच पैसा पुढच्या धरणाला. एका मालकाला १६० एकरांपुरतंच पाणी. कागदावर चक्र सुंदर फिरत होतं. प्रत्यक्षात धरणाचा खर्च अंदाजाबाहेर गेला, धरण होणार कळताच जमिनींचे भाव सट्टेबाजांनी चढवले, आणि नवख्या शेतकऱ्याला जमीन सपाट करून पाट काढण्यातच पहिली काही वर्षं गेली. हप्ते थकले. मुदत १९१४ मध्ये २० वर्षं आणि १९२६ मध्ये ४० वर्षं करावी लागली. अॅरिझोनातल्या सॉल्ट नदीवरचं २८० फुटी रूझवेल्ट धरण मात्र उभं राहिलं. १९११ मध्ये त्याच्या लोकार्पणाला ते स्वतः गेले.

जंगलाबाहेर

इतर सुधारणांतही हीच पद्धत दिसते. १९०२ मध्ये पेनसिल्व्हेनियात सुमारे दीड लाख कोळसा कामगार संपावर गेले, हिवाळा तोंडावर आला. संपात पडायचा अध्यक्षाला कायदेशीर अधिकार नव्हता. रूझवेल्टनी मालक आणि कामगार दोघांना वाटाघाटीला बोलावलं, आणि मालक ऐकेनात तेव्हा लष्कराकरवी खाणी चालवण्याची धमकी दिली. शेवटी लवाद बसला. १० टक्के पगारवाढ आणि बहुतेकांचा दिवस दहाऐवजी नऊ तासांचा, असा निकाल लागला. त्याच वर्षी नॉर्दर्न सिक्युरिटीज या रेल्वे मक्तेदारीवर खटला भरला आणि १९०४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी जिंकला.

३० जून १९०६ ला मांस तपासणी आणि शुद्ध अन्न-औषध असे दोन कायदे एकाच दिवशी आले. कत्तलखान्यांमधल्या घाणीवर अप्टन सिंक्लेर यांची कादंबरी त्याच वर्षी गाजली होती, सरकारी चौकशीनेही दुजोरा दिला. तरी तडजोड झालीच. तपासणीचा खर्च कंपन्यांनी द्यावा आणि डब्यावर तारीख छापावी, या दोन्ही मागण्या गळाल्या.

काय चुकलं

रूझवेल्ट १९०३ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत निसर्गलेखक जॉन म्यूर यांच्याबरोबर तीन रात्री उघड्यावर राहिले, त्याचे फोटो सगळीकडे दिसतात. पण म्यूरना निसर्ग जसाच्या तसा हवा होता आणि पिंशोला उपयोगासाठी. सॅन फ्रान्सिस्कोला योसेमिटीतल्याच हेच हेची दरीत धरण बांधायचं होतं. रूझवेल्टच्या मंत्र्याने १९०८ मध्ये परवानगी दिली, १९१३ मध्ये संसदेने शिक्का मारला आणि दरी बुडाली.

ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेला कैबाब पठारावर १९०६ मध्ये हरणांसाठी राखीव क्षेत्र झालं. हरणांची शिकार बंद, आणि सरकारी शिकाऱ्यांनी प्यूमा, लांडगे, कायोट मारले. हरणं भरमसाट वाढली, कोवळी झाडं खाऊन संपली, आणि १९२४ नंतरच्या हिवाळ्यांत हजारो उपासमारीने मेली. गुरामेंढ्यांची चराई कमी झाल्याचाही त्यात वाटा होता असं काही अभ्यासक मानतात. पण ‘चांगले’ आणि ‘वाईट’ प्राणी अशी वाटणी तेव्हाच्या संरक्षकांनी केली होती, आणि शिकारी रूझवेल्ट त्यांच्यातलेच.

सगळ्यात मोठी चूक जमिनीच्या मूळ मालकांबाबत. कलम २४ खाली अध्यक्ष जे राखत, त्यात जमातींची चराईची रानं, शिकारीच्या वाटा आणि देवस्थानं येत, आणि त्यांना विचारायची पद्धतच नव्हती. न्यू मेक्सिकोतलं ब्लू लेक हे ताओस प्वेब्लो लोकांचं पवित्र तळं. १९०६ मध्ये ते रूझवेल्टच्या जाहीरनाम्याने राखीव जंगलात गेलं आणि तिथे बाहेरच्यांना चराईचे परवाने मिळू लागले. ताओसच्या लोकांनी पैशाची भरपाई नको, तळंच हवं, असा धोशा धरला. अर्ज, दावे, संसदेतल्या सुनावण्या. एका सहीने गेलेली ती जागा, सभोवतालच्या ४८,००० एकरांसह, त्यांना परत मिळाली डिसेंबर १९७० मध्ये. चौसष्ट वर्षांनी, आणि त्यासाठी संसदेचा कायदा लागला.